स्टेटस कशाला काढलंत, ताई?

प्रश्न : नमस्कार. मी कराडला राहते. वय ४८. वीस वर्षांहून जास्त काळ एका पतसंस्थेत कॅश सांभाळते. रोज लाखांची रोकड जुळवते, पण घरून पतसंस्थेत जायचं तर यांच्या गाडीवर मागे बसायचं, नाहीतर रिक्षा. यंदा मनावर घेतलं. भाचीनं शाळेच्या मैदानावर स्कूटी शिकवली. पहिल्या टेस्टला इंग्रजी आठ काढताना पाय टेकला, नापास झाले. दुसऱ्यांदा पास. पक्कं लायसन्स पोस्टानं घरी आलं त्या दिवशी पाव किलो पेढे आणले, आणि लायसन्स हातात धरून स्कूटीवर बसलेला फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'आजपासून माझी मी.'

अर्ध्या तासात थोरल्या जाऊबाईंनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, 'एवढं काय त्यात? आमची पोरं दहावीतच चालवायला लागली.' पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. हे म्हणाले, 'काढ ते, लोक हसतील. या वयात काय मिरवायचं? आपली आपण करी स्तुती तो एक मूर्ख, असं समर्थांनी सांगून ठेवलंय.' (स्वतः आल्यागेल्याला सासऱ्यांच्या राजदूत मोटरसायकलच्या गोष्टी रंगवून सांगतात, ते वेगळं.) मी स्टेटस काढून टाकलं. त्यानंतर स्कूटी गल्लीबाहेर नेलेली नाही. कृष्णा पूल ओलांडून विद्यानगरला बहिणीकडे जायचं ठरवलं होतं, तेही राहिलं.

मुलगी पुण्यात नोकरी करते. ती म्हणते, 'आई, रोज आरशासमोर उभी राहून म्हण, मी कुणापेक्षा कमी नाही. पॉझिटिव्ह राहा.' आठवडाभर म्हटलं. खरं सांगू, म्हणताना आणखीच रडू येतं. आनंद झाला तो बोलून दाखवला, ही चूक झाली का? आणि आत्मविश्वास आणायचा तरी कुठून?

ता. क. भाचीची गाडी परत द्यायची आहे. सेकंडहँड घ्यायचा विचार आहे. हे म्हणतात, 'माझ्याच नावावर घेऊ, तुला कशाला कागदपत्रांची कटकट?' तशीच घेऊ का?

— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आधी अभिनंदन. मनापासून आणि तपशिलासकट.

तपशिलासकट अशासाठी, की इंग्रजी आठ ही काय चीज आहे ते ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक. वेग वाढवला तर वळण फाकतं आणि गाडी रेषेबाहेर. कमी केला तर गाडी कलते आणि पाय आपसूक जमिनीकडे जातो. बाजूला साहेब उभे, मागे रांगेत अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, आणि त्यातली निम्मी तोंडावर हात धरून हसणारी. पुढच्या चाकाकडे बघू नका, जिकडे वळायचंय तिकडे बघा, असं भाचीनं शंभरदा सांगितलं असेल. पण नजर चाकाकडेच जाते. एकदा नापास होऊन घरी यायचं, पुन्हा तारीख घ्यायची, पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभं राहायचं. हे सगळं करून तुम्ही पाव किलोच पेढे आणलेत? मला तर ते कमी वाटतात.

आनंद बोलून दाखवला यात काही चुकलं नाही. स्टेटस काढलंत ते मात्र मला रुचलं नाही. तुमच्यावर राग नाही, वाईट वाटलं.

यांनी समर्थांचा दाखला दिला आहे तर तो पुरता बघू. ओवी अशी आहे : 'आपली आपण करी स्तुती, स्वदेशी भोगी विपत्ती, सांगे वडिलांची कीर्ती, तो एक मूर्ख.' पहिला चरण यांनी तुम्हाला ऐकवला, तिसरा सोयीनं गाळला. पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर राजदूत निघाली की त्यांना तिसऱ्या चरणाची आठवण करून द्यायला माझी हरकत नाही. चहाचा कप हातात देताना द्या, म्हणजे हसण्यावारी जाईल.

गंमत सोडा. समर्थ बोलतात ते फुशारकीबद्दल. 'माझ्यासारखी गाडी अख्ख्या कराडात कुणी चालवत नाही,' असं तुम्ही लिहिलं असतं, तर मीही म्हटलं असतं, ताई, जरा दमानं. तुम्ही काय लिहिलंत? 'आजपासून माझी मी.' यात कुणाला खाली दाखवलेलं नाही, कशाचं चारपट करून सांगितलेलं नाही. जे घडलं ते सांगितलं. आणि कुठल्या मुलखात बसून आपण हे बोलतोय बघा. चौकाचौकात कुणा ना कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर गॉगल लावलेले पंचवीस शुभेच्छुक, आणि भाऊंनी त्या वर्षी वयानं एकनं वाढण्यापलीकडे काही केलेलं नसतं. त्या फ्लेक्सखालून रोज जाताना समर्थ आठवत नाहीत. बाईच्या मोबाइलवरच्या चोवीस तासांच्या फोटोला मात्र लगेच आठवतात.

आपल्याकडे बाईला स्वतःचं चांगलं लपवायची सवय इतकी लहानपणापासून लागते की ती सवय आहे हेही कळत नाही. कुणी म्हणालं साडी छान आहे, की लगेच 'अगं जुनीच आहे,' नाहीतर 'सेलमधली.' पुरणपोळी छान झाली म्हटलं, की 'आज कडा जरा कोरड्याच राहिल्या.' मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला, की 'बाईंनी करून घेतलं हो.' याला आपण विनय म्हणतो. मला तो अर्ध्याहून जास्त भित्रेपणा वाटतो. आपण आधीच स्वतःला खाली ओढलं, की दुसऱ्याला ओढायला काही उरत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदाच हा हिशेब बाजूला ठेवलात आणि अर्ध्या तासात दणका बसला. मग गाडी गल्लीबाहेर न्यायची भीती वाटली, तर त्यात नवल नाही. भीती पुलाची कमी आहे, बघणाऱ्यांची जास्त आहे.

बातमी कुणाला सांगायची, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाच्या आयुष्यात काही चांगलं घडलं आणि त्यानं ते कुणाला सांगितलं, तर पुढे काय होतं? त्यांना दिसलं की चांगली बातमी सांगण्यानं, ती घडल्याचा आनंद असतो त्याच्यावर आणखी भर पडते. पण ऐकणारा कसा ऐकतो यावर बरंच अवलंबून असतं. ऐकण्याच्या चार तऱ्हा त्यांनी मांडल्या. मी त्या तुमच्या घरात आणून बघते.

तुम्ही लायसन्स घेऊन दारात उभ्या आहात. एक जण म्हणतो, 'आण इकडे! फोटो कसला आलाय! आणि आठ कसा काढलास, पाय नाही टेकला या वेळी?' दुसरा टीव्हीवरची नजर न काढता म्हणतो, 'हं, छान.' तिसरा म्हणतो, 'आता पेट्रोलचा खर्च वाढला म्हणायचा. आणि कुठे धडकलीस तर?' चौथा म्हणतो, 'बरं, भाजीला काय आहे?' यातल्या पहिल्यापाशीच आनंद वाढतो. दुसऱ्यापाशी तो कोमट होतो. तिसरा त्यात खडे टाकतो, आणि चौथ्याला तो आनंद दिसतच नाही. गेबल यांच्या कामात असंही आढळलं, की ज्या जोडप्यांत पहिल्या तऱ्हेनं ऐकलं जातं, त्यांचं एकमेकांशी जास्त चांगलं जमतं. दुःखात साथ देणारे खूप भेटतात हो. सुखात नीट प्रश्न विचारणारं माणूस दुर्मीळ.

तुमच्या आयुष्यात पहिल्या तऱ्हेचं कोण आहे? भाची आहे, हे पत्रातच दिसतं; तिनं मैदानावर गाडीमागे धावून घाम गाळलाय. विद्यानगरची बहीण असावी. काउंटरवर शेजारी बसणारी एखादी मैत्रीण असेल. बातमी आधी या माणसांना द्यायची, आणि प्रत्यक्ष नाहीतर फोनवर. फॅमिली ग्रुप हे काही चांगली बातमी आधी फोडायचं ठिकाण नव्हे. तिथे तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेची माणसं अंगठा उगारूनच बसलेली असतात. चार जणांनी आधी मनापासून 'अगं वा!' म्हटलेलं असलं, की जाऊबाईंचे हसरे चेहरे आले तरी पोटात खड्डा पडत नाही.

जाऊबाईंबद्दल एकच विचारते. 'आमची पोरं चालवतात' असं त्या म्हणाल्या. त्या स्वतः चालवतात का? चालवत नसतील, तर तो टोमणा तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलेला आहे. (आणि पोरं दहावीतच चालवायला लागली, ही ग्रुपवर जाहीर करायची गोष्ट नाही. त्या वयात लायसन्स मिळत नाही, आणि पोरगं पकडलं गेलं तर आईबापांना निस्तरावं लागतं. ते जाऊ द्या.)

यांच्याबाबतीत मी तुम्हाला थोडं थांबायला सांगेन. वीस वर्षं तुम्हाला सोडायचं आणि आणायचं काम त्यांनी केलं. कुरकुर केली असेल, पण पावसातही केलं असेल. घरातलं त्यांचं एक ठरलेलं काम, एक ठरलेली गरज होती. तुमच्या फोटोखाली 'आजपासून माझी मी' वाचताना त्यांना कदाचित 'आजपासून तुमची गरज नाही' असं ऐकू आलं असेल. 'लोक हसतील' हे पुरुषांचं ठेवणीतलं वाक्य आहे. मनातलं सांगता आलं नाही की ते बाहेर काढतात. म्हणून त्यांचं बोलणं बरोबर ठरत नाही. पण एकदा स्वच्छ विचारा : 'मी गाडी चालवते याचं तुम्हाला नेमकं काय खुपतंय?' रागावून नको, दोघंच असताना. आणि सांगाही : 'तुम्ही काढ म्हणालात तेव्हा मला लाज वाटली, आणि त्यानंतर मी गाडी गल्लीबाहेर नेलेली नाही.' हे त्यांना बहुतेक माहीतच नसेल. बायको गाडी का काढत नाही, तर गुडघा दुखत असेल, असं समजून ते निवांत असतील.

आता आरसा. तुमच्या मुलीचं प्रेम मला दिसतं, पण तिनं दिलेलं औषध तुमच्या प्रकृतीचं नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. लोकांना बसवलं, दारावरच्या घंटेसारखा आवाज आला की मनात म्हणायचं, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे.' ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता, त्यांना हे वाक्य म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच ते बाधलं. कारण उघड आहे. तोंड म्हणतं 'मी कुणापेक्षा कमी नाही,' आणि आतून लगेच उत्तर येतं, 'हो का? मग स्टेटस का काढलंस?' रोज सकाळी आरशासमोर हा वाद घालायचा आणि रोज हरायचं. रडू येणारच. तुमच्यात काही दोष आहे म्हणून ते येत नाही. मुलीला हे वाचून दाखवा आणि आरशाचा कार्यक्रम बंद करा. सकाळचे गुलाबाच्या फुलांसकट येणारे 'सकारात्मक राहा'वाले मेसेजही न उघडता पुढे सरकवा. 'पॉझिटिव्ह राहा' हा हुकूम असतो, आणि हुकमानं कुणाचं मन उजळत नाही. 'मला पुलाची भीती वाटते आणि तरी मला जायचंय' हे वाक्य त्यापेक्षा कितीतरी खरं आहे. तेच म्हणा.

मग आत्मविश्वास येतो कुठून? अल्बर्ट बांडुरा म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ होते. सापाला प्रचंड घाबरणाऱ्या माणसांबरोबर त्यांनी काम केलं. 'घाबरू नका, तुम्ही शूर आहात' अशी भाषणं दिली नाहीत. आधी काचेपलीकडून साप बघायचा. मग दारात उभं राहून. मग हातमोजे घालून हात लावायचा, मग उघड्या हातानं. प्रत्येक पायरीला ज्याची त्याची भीती थोडी मागे सरे. १९७७ साली त्यांनी मांडलं, की 'हे मला जमेल' असा भरवसा चार वाटांनी येतो. स्वतः करून बघण्यातून, आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहण्यातून, दुसऱ्यानं धीर देण्यातून, आणि आपल्या शरीराच्या खुणा आपण कशा वाचतो त्यातून. या चारांत पहिली वाट सगळ्यांत भक्कम. तुमची मुलगी तिसऱ्या वाटेनं निघाली होती. तुम्ही मैदानावर पहिल्या वाटेनं बऱ्याच पुढे गेला होतात. पुन्हा तिकडेच चला.

दुसरी वाट मात्र मला फार आवडते. तुमची शिक्षिका विशीतली भाची. तिला बघून 'हिला जमतं' एवढंच कळतं, 'मला जमेल' हे कळत नाही. आपल्या वयाची, आपल्यासारखी साडी सावरत चालवणारी बाई बघायला हवी. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, अंगात गुलाबी नऊवारीचा गणवेश, हातात पाटी. आयुष्यभर अंगठा उठवलेले हात अक्षरं गिरवायला लागले. आता बघा, अक्षरं शिकायला गुलाबी साडी लागते का? घरच्याच लुगड्यात बसूनही शिकता आलं असतं. पण सगळ्या जणी गुलाबी नेसून गावातून चालत निघाल्या, की ते सगळ्या गावाला दिसतं, आणि शेजारची आजी म्हणते, 'ती जाते तर मी का नको?' तुमच्या फोटोचं कामही तेच होतं. तुमच्या मोबाइलमधल्या कितीतरी बायकांनी तो अर्ध्या तासात पाहिला असेल, आणि त्यातल्या एखादीनं घरी विचारलंही असेल, की लर्निंग लायसन्स कसं काढतात हो? तुम्हाला हसणारे दिसले. ही दिसली नाही.

आता पुलाचं बघू. मला पुलापेक्षा आधी पेट्रोल पंप महत्त्वाचा वाटतो. मैदानावर आणि टेस्टला गाडीत पेट्रोल भाचीनं भरलेलं होतं. एकट्यानं पंपावर जा. रांगेत गाडी लावा, उतरा, सीट उघडा, 'झिरो बघा' म्हणतील तेव्हा खरंच झिरो बघा, पैसे द्या, सीट खटकन लावून गाडी ढकलत बाजूला घ्या. हे एकदा केलं की गाडी भाचीची उरत नाही. मग एखाद्या रविवारी सकाळी सातच्या आत पुलाच्या तोंडापर्यंत जा आणि परत फिरा. पूल ओलांडायचा नाही, मोह झाला तरी नाही. पुढच्या वेळी ओलांडा. उसाचा हंगाम असेल तर दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे असणारच. त्याला ओव्हरटेक करायची काहीही घाई नको. त्याच्या मागे चांगलं अंतर ठेवून, पन्नास गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी आपल्या चालीनं. पदर किंवा ओढणी कमरेला घट्ट खोचा, चाकात जाते ती. हेल्मेट आयएसआय मार्कचंच, आणि अंबाडा घालत असाल तर त्या दिवशी खाली सैल वेणी घाला. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, मग बायका पट्टा लावत नाहीत आणि ते हेल्मेट शोभेचं होतं.

पुलावर छातीत धडधडेल. तिला 'मला जमत नाहीय' असं वाचू नका. बांडुरांची चौथी वाट ती हीच. नव्या कॅशियरला पहिल्या दिवशी नोटा मोजताना अंगठा थरथरतो, हे तुम्ही वीस वर्षांत किती जणांचं पाहिलं असेल. तेव्हा तुम्ही त्यांना 'घरी जा' म्हणालात का?

आणि काउंटरचं निघालंच आहे तर तुमच्याच धंद्यातली एक गोष्ट. संध्याकाळी पाचशेची तूट आली की मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळतं. कॅश जुळली, तर कुणालाच कळत नाही. तुम्ही स्वतःशीही असंच वागता. पाय टेकला ते पत्रात लिहिलंत, दुसऱ्यांदा पाय न टेकता आठ कसा पूर्ण केलात त्याला 'दुसऱ्यांदा पास' एवढे दोनच शब्द. एक जुनी डायरी काढा आणि काही दिवस फक्त जमेची बाजू लिहा. 'मी धाडसी आहे' असलं काही नको. 'आज पंपावर एकटी गेले. गाडी ढकलताना मागच्या माणसाला थांबायला सांगितलं.' एवढं. ही नोंद खोटी आहे असं तुमचं मन म्हणू शकणार नाही, कारण ती घडलेली आहे. मग डायरी मिटायच्या आधी बहिणीला किंवा भाचीला एक व्हॉइस मेसेज. विद्यानगरला पोचलात की तिथे बहिणीच्या हातचा चहा आणि पुन्हा पेढे. या वेळी अर्धा किलो.

रडू येण्याबद्दल एक सांगून ठेवते. ते आरशापुरतंच असेल तर आरसा बंद केल्यावर थांबेल. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच लक्ष लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांवर चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. या वयात पाळी जाण्याच्या सुमारासही मन असं हेलकावे खातं. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा क्रमांक आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

स्टेटस पुन्हा ठेवायचं का? मनात असेल तर जरूर. काही ठरावीक लोकांना ते दिसू नये अशी सोय व्हॉट्सअॅपमध्ये आहे, पण मी असते तर जाऊबाईंना वगळलं नसतं. फक्त लायसन्सचा फोटो ठेवताना त्यावरचा नंबर, पत्ता आणि जन्मतारीख अंगठ्याखाली झाका. लोक हसतील याची भीती मला वाटत नाही. ती माहिती भलत्याच्या हाती लागण्याची वाटते.

ता. क. मधल्या प्रश्नाला मात्र मी ठामपणे नाही म्हणेन. गाडी तुमच्याच नावावर घ्या. कागदपत्रांची कटकट? जी बाई दुसऱ्यांच्या ठेवींचे, कर्जांचे, तारणाचे कागद रोज हाताळते, तिला आरसी बुकची कसली कटकट? सेकंडहँड घेताना आरसी मूळ मागा, झेरॉक्स नको. चेसिस नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा एकच आहे ना ते वाकून बघा. आधीच्या मालकानं कर्ज काढून घेतली असेल तर बँकेचा बोजा उतरलाय का ते तपासा, हे तर तुम्हाला मी सांगायला नको. नावावर करताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. 'करू नंतर' म्हणत ते लांबवू नका. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या, निदान थर्ड पार्टीचा तरी चालू असायलाच हवा, आणि पीयूसीची तारीख बघा. पैसे तुमच्या खात्यातून, ऑनलाइन नाहीतर चेकनं द्या, म्हणजे नोंद राहते. नॉमिनीच्या रकान्यात हवं तर यांचं नाव घाला.